मोगी-सानांचं वाक्य

मोगी-सान खोलीत येण्याआधी त्यांच्या पाठीवरच्या औषधी पट्टीचा वास यायचा. कापूर आणि पुदिना यांच्या मधला कुठला तरी. कचेरीतल्या मुली कुजबुजायच्या, "दवाखाना आला." त्यांना ते ऐकू जायचं. "दवाखान्यात निदान आडवं तरी होता येतं," असं म्हणून ते उभ्याउभ्याच कागद वाचायला लागायचे. पाठीमुळे त्यांना फार वेळ बसवत नसे, आणि नोकरी तर सगळी बसण्याचीच.

ते आमच्या शहरातल्या सरकारी वकिलांच्या कचेरीत सहायक सरकारी वकील होते आणि मी त्यांची कारकून, कुमे. नावं मी बदलली आहेत; नावामागचं 'सान' तेवढं आदराचं, ते तसंच ठेवलंय. शहराचं नाव सांगत नाही, बर्फाच्या किनाऱ्यावरचं आहे एवढं पुरे. आमच्याकडे वकिलाच्या टेबलाला काटकोनात कारकुनाचं टेबल जोडलेलं असतं. समोर आरोपी बसतो. वकील विचारतो, आरोपी सांगतो आणि कारकून टाइप करते. मोगी-सानांच्या नोकरीची शेवटची वर्षं मी त्या काटकोनात काढली.

कॉलेजात जाऊन कायदा शिकलेले ते नव्हते. वडील मासे खारवून विकायचे. शाळा संपल्याबरोबर मोगी-सान कचेरीत कारकून म्हणून चिकटले. नोकरीत राहून परीक्षा दिली तर कारकुनाला सहायक वकील होता येतं; ही परीक्षा देता देता माणसाचे केस जातात असं म्हणतात. मोगी-सानांचे गेले. पुन्हा पुन्हा आपटून चाळिशीच्या आसपास ते एकदाचे पास झाले, आणि मग दर दोन-तीन वर्षांनी एप्रिल आला की बदली. आज समुद्राच्या या टोकाला, उद्या त्या टोकाला. बायको, सुमिए-सान, तोयामाला घर धरून राहिल्या. मोगी-सान सरकारी खोलीत एकटे. दुपारी दुकानातले भाताचे गोळे, रात्री त्याच दुकानातल्या शेवया.

सुमिए-सान एकदा कचेरीत आल्या होत्या, हिवाळी कपड्यांचं गाठोडं घेऊन. मला म्हणाल्या, "मुलीच्या लग्नात हे भाषण करायला उभे राहिले. चांगलं बोलले हो. आणि शेवटी काय म्हणावं? 'वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो बरोबर आहे.' व्याही बघतच राहिले."

"म्हटलं का मी तसं?" मोगी-सानांनी विचारलं.

"व्हिडिओ आहे घरी. लावून दाखवू?"

"नको. बरोबर आहे."

हे वाक्य आमच्या प्रत्येक जबाबाच्या शेवटी येतं. आमच्याकडचा जबाब म्हणजे प्रश्न-उत्तरं नसतात. तो आरोपीच्या तोंडची गोष्ट असते, 'मी' करून लिहिलेली. पण ती जुळवतो वकील. आरोपी अर्धा तास रडतो, अडखळतो, भलतंच काहीतरी सांगतो. मग वकील खुर्चीत मागे टेकतो आणि आरोपीच्या देखत, आरोपी होऊन बोलायला लागतो: 'मी अमक्या गावात राहतो. त्या दिवशी मला भूक लागली होती.' कारकून टाइप करते. मग ते वाचून दाखवायचं, बरोबर आहे का विचारायचं. आरोपी सही करतो, अंगठा उठवतो. मोगी-सान हे उभ्याने करायचे, खिडकीपाशी, डोळे मिटून. दिवसभरात कधी ते सायकलचोर असायचे, कधी दारू पिऊन टॅक्सीवाल्याला मारलेला गृहस्थ, कधी नवऱ्याच्या डोक्यात तवा घातलेली बाई. संध्याकाळी फोनवर सुमिए-सान विचारायच्या, तुम्ही कसे आहात? तर हे विचारात पडायचे.

आता निळ्या पुस्तकाबद्दल सांगते. खरं नाव लांबलचक आहे. आम्ही सगळे त्याला निळं पुस्तक म्हणतो. कुठल्या गुन्ह्याचा जबाब कसा लिहावा याचे नमुने त्यात आहेत. चोरी, मारामारी, फसवणूक, म्हाताऱ्या माणसांची दुकानातली चोरी, प्रत्येकाचा नमुना. ते शिवलेलं पुस्तक नाही, सुट्या पानांचं आहे. कायदा बदलला, नमुना जुना झाला, की प्रकाशकाकडून पानं येतात. पानं बदलायला एक बाई यायची. मोठी पिशवी घेऊन वाचनालयाच्या खोलीत बसायची, पुस्तकाचे खिळे सैल करायची, जुनं पान काढायची, नवं घालायची. कुणाशी बोलायची नाही. तोक्योजवळच्या प्रशिक्षण संस्थेत नव्यांना हेच पुस्तक शिकवतात, आणि जुन्यांना दरवर्षी पुन्हा शिकवतात. व्याख्यानं व्हिडिओवर येतात, ती ऐकल्याची सही करावी लागते. आमच्या कचेरीत महिन्यातून एकदा अभ्यासवर्ग असे, आणि वयाने सगळ्यात मोठे म्हणून तो मोगी-सानांच्या गळ्यात. दुपारच्या जेवणानंतर. त्यांच्या तासाला पोरं झोपायची. ते रागवायचे नाहीत. "झोपू दे. रात्रीही फायली वाचतात बिचारी," म्हणायचे आणि आवाज उतरवून पुढे शिकवायचे.

यागी किनुए यांची फाइल आली तेव्हा मार्च लागला होता. मार्चमध्ये आमच्याकडे सगळ्यांचे चेहरे सारखेच दिसतात. महिनाअखेर बदल्या असतात, टेबलावरचं टेबलावर ठेवून जायचं नसतं. मोगी-सानांची तर बदली नव्हती, निवृत्ती होती.

यागी-सान अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. एकट्या राहत होत्या. जानेवारीत त्यांनी बाजारातल्या एका मोठ्या दुकानातून एक खारवलेला मासा आणि अर्धा मुळा पैसे न देता नेला होता आणि दारातच पकडल्या गेल्या होत्या. ही तिसरी वेळ. पहिल्या वेळी पोलिसांनी दटावून सोडलं, दुसऱ्या वेळी आमच्या कचेरीने समज देऊन सोडलं. तिसऱ्या वेळी खटला, आणि एवढ्यातेवढ्या चोरीला दंड. एकदा दंड झाला की पुढच्या वेळी तुरुंग. हा रस्ता आम्हाला पाठ आहे. आमच्याकडच्या बायकांच्या तुरुंगात आता चालायला काठी लागणाऱ्या बायका खूप आहेत.

जबाब किदोने घेतला होता. किदो आमच्याकडची तरुण कारकून, नुकतीच संस्थेतून वर्ग करून आलेली. वर्गात पहिली आली होती. लहान गुन्ह्यांत अशा कारकुनांना स्वतः चौकशी करायची परवानगी देतात. मग ती फाइल मोगी-सानांकडे यायची, त्यांनी खटला भरायचा की नाही ते ठरवायचं, आणि वर शाखाप्रमुखांची मंजुरी घ्यायची.

मोगी-सान उभ्याने फाइल वाचत होते. वाचता वाचता थांबले. पान मागे उलटलं. परत पुढे. मग ते खुर्चीत बसले. दुपारच्या आधी ते कधी बसत नसत, म्हणून मी मान वर केली.

"कुमे-सान, हे जरा मोठ्यानं वाचा."

मी वाचलं: "'पाकीट उघडून पाहिलं. त्यात दहा हजार येनची नोट होती. पण नोट मोडली की ती आपली राहत नाही, असं माझ्या मनात आलं. म्हणून मी पैसे न देता बाहेर पडले.'"

"कसं वाटतं?"

"कसं म्हणजे? चांगला आहे जबाब. म्हातारं माणूस बोलल्यासारखं वाटतं."

"म्हातारंच बोललं होतं," ते म्हणाले. "पण ह्या बाई नाहीत. तोयामाचा एक ट्रामवाला. बावीस-तेवीस वर्षं झाली असतील. दारूची बाटली उचलली होती. मी म्हटलं, अहो, खिशात कोरी नोट होती की, मग? तर हसला. म्हणाला, मोडली की ती आपली राहत नाही हो. मला फार आवडलं ते. परीक्षा पास झाल्यावर संस्थेत आम्हाला नमुना जबाब लिहायला लावला, तेव्हा मी ते घातलं. सरांनी उचललं आणि निळ्या पुस्तकात टाकलं."

"म्हणजे ते पान तुमचं?"

"खाली नाव नसतं. पण माझं."

मला वाटलं त्यांना आनंद झाला असेल. तसं मी बोलूनही गेले. त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळत राहिले.

"ह्याआधीही दिसायचं मधूनमधून," ते म्हणाले. "अओमोरीला असताना एका मासेवाल्याच्या जबाबात दिसलं. मी म्हटलं, असेल. माणसं सगळीकडे सारखीच. पुढे एका शिक्षिकेच्या. मग मी विचारायचं सोडलं. सह्या केल्या मी त्याच्यावर, कुमे-सान. खटले भरले."

त्यांनी किदोला बोलावलं. ती आली, हातात वही, केस घट्ट बांधलेले.

"किदो-सान, हे नोटेचं वाक्य. यागी-सान असं म्हणाल्या?"

"असंच काहीतरी म्हणाल्या."

"असंच काहीतरी म्हणजे काय म्हणाल्या?"

किदोने वहीकडे पाहिलं, पण उघडली नाही. "मी विचारलं, पैसे खर्च करायला जिवावर आलं का? तर म्हणाल्या, हो, तसंच असेल. मग मी विचारलं, नोट मोडायला नको वाटलं का? तर मान हलवली."

"मान कशी हलवली?"

"हो अशी."

"तुमच्या प्रश्नाला हो, की तुमच्याकडे बघून हो?"

"मोगी-सान, वाचून दाखवलं मी. अगदी हळू. त्यांनी सही केली." तिचा चेहरा लाल झाला होता. "आणि पुस्तकात तसंच आहे. वर्गात सर म्हणाले होते, सबंध पुस्तकातला सगळ्यात माणुसकीचा नमुना हाच."

मोगी-सान हसले. त्यात तिची थट्टा नव्हती. "सरांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "तुमचीही चूक नाही. तुम्ही शिकवलं तसं केलंत. यागी-सानांना पुन्हा बोलवा. या वेळी मी बसतो. तुम्हीही बसा."

दुसऱ्या दिवशी मी अर्ध्या दिवसाची रजा काढली होती. माझी मुलगी साए शरद ऋतूपासून शाळेत जात नव्हती, तिला डॉक्टरांकडे न्यायचं होतं. डॉक्टरांनी तिला विचारलं, "काय होतं तुला सकाळी?" मी म्हटलं, पोट दुखतं हिचं. त्यांनी विचारलं, "शाळेत कुणाशी भांडण?" मी म्हटलं, नाही हो, मैत्रिणी चांगल्या आहेत, जरा दमलीय. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. साए खिडकीबाहेर बघत होती. तिने मान हलवली, हो अशी. बसमध्ये मला किदोचं बोलणं आठवलं.

यागी-सान आल्या त्या दिवशी बर्फ अर्धवट वितळलेलं होतं, रस्ताभर चिखल. त्यांनी बूट पुसायला दारातच इतका वेळ लावला की किदो बाहेर जाऊन त्यांना घेऊन आली. छोट्याशा बाई, नेटका कोट, डोक्यावर विणलेली टोपी. वाकून वाकून नमस्कार केले. मला, किदोला, मोगी-सानांना, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेलाही.

"पुन्हा त्रास दिला तुम्हाला," त्या म्हणाल्या.

"त्रास आम्हीच देतोय, यागी-सान. तो जबाब तुम्हाला आठवतो? ह्या मुलीने लिहिलेला?"

"हो हो. फार सुरेख लिहिला होता. वाचून दाखवला तेव्हा ऐकत राहावंसं वाटलं."

"त्यात नोटेचं आहे. नोट मोडली की आपली राहत नाही. असं तुम्हाला वाटलं होतं?"

"असेल."

"असेल नको. होतं का?"

यागी-सानांनी किदोकडे पाहिलं. "ह्या पोरीने इतकं सगळं टाइप केलं होतं," त्या म्हणाल्या. "पानंच्या पानं. जेवायची वेळ टळून गेली होती. तिच्या पोटात गुरगुरत होतं, मला ऐकू येत होतं. आता त्यात मी हे नाही, ते नाही म्हणत बसायचं?"

किदो खाली बघायला लागली.

"पाकीट आणलंय का?" मोगी-सानांनी विचारलं.

यागी-सानांनी पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. दगड ठेवल्यासारखा आवाज झाला. शिवण उसवायला आलेलं, फुगलेलं पाकीट. मोगी-सानांनी विचारलं, उघडू का? त्या म्हणाल्या, उघडा. आत नाणी होती. एक येनची, पाचाची, दहाची, शंभराची, बिळातून मुंग्या निघाव्यात तशी टेबलभर पसरली. नोट एकही नव्हती.

"इतकी सुटी?"

"साठतात," त्या म्हणाल्या. त्यांचे कान लाल झाले. "दुकानात मी नोटच देते. केवढ्याचं झालं, त्यात कुठली नाणी किती, ते हल्ली पटकन जुळत नाही. पूर्वी सबंध घराचा हिशेब तोंडी करायचे मी. आता हातात नाणी घेतली की ती नुसती नाणीच दिसतात. नोट दिली की काम होतं. ती मुलगी उरलेले देते, मी पाकिटात टाकते."

म्हणजे या बाई रोज नोट मोडत होत्या. मी मोगी-सानांकडे पाहिलं. ते नाण्यांकडे बघत होते.

"मग त्या दिवशी?"

"नोटा संपल्या होत्या. पेन्शन यायची होती. मी म्हटलं, एवढं पाकीट जड आहे, मासा आणि मुळा तर येईलच. पण पैसे घेणारी मुलगी नव्हती. तिथे आता यंत्रं बसवलीत, आपणच वस्तू दाखवायची आणि आपणच पैसे घालायचे. ते यंत्र बोलतं. 'वस्तू ठेवा.' ठेवली. 'वस्तू उचलू नका.' मी उचलली नव्हती हो! मग म्हणतं, 'कृपया थांबा, माणूस येत आहे.' माणूस काही येईना. मागे रांग लागली. एका बाईंनी ..." त्या थांबल्या.

किदो काहीतरी बोलायला गेली. मोगी-सानांनी हात किंचित वर केला. ती गप्प झाली. मीही टाइप करायचं थांबवलं. खोलीत हीटरचा आवाज तेवढा येत होता. ते बराच वेळ नुसते बसून राहिले, पाठ दुखत असूनही.

"एका बाईंनी बाळाला कडेवर घेतलं होतं," यागी-सान म्हणाल्या. "ते बाळ रडायला लागलं. तिने पाय बदलला, असा. बोलली काही नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. मी मासा आणि मुळा पिशवीत घातला आणि निघाले. उद्या नोट घेऊन येईन, असं म्हणत होते मनात. पण हेही ठाऊक होतं, की उद्या मी येणार नाही. लाजेने. आधीच्या दोन्ही वेळी तसंच झालं."

"मुळा बाहेर दिसत होता पिशवीतून. असं दुकानदाराच्या जबाबात आहे."

"पानांसकट होता ना. कसा मावणार?"

मोगी-सानांना हसू आलं, आणि मग किदोला, आणि शेवटी यागी-सानांनाही, तोंडावर हात धरून.

त्या दिवशी मोगी-सान खिडकीपाशी उभे राहिले नाहीत, डोळेही मिटले नाहीत. ते म्हणाले, "कुमे-सान, यागी-सान बोलल्या तसंच टाका. यंत्र काय म्हणालं तेही. बाळही. मुळ्याची पानंही." वाचून दाखवताना यागी-सानांनी मध्येच थांबवलं. "'मी उचलली नव्हती हो', यात 'हो' बरं दिसतं का सरकारी कागदावर?"

"तुम्ही म्हणालात ना?"

"म्हणाले खरी."

"मग राहू दे."

त्यांनी सही केली, अंगठा उठवला. जाताना नाणी गोळा करायला किदो गुडघ्यांवर बसली. एकेक नाणं वेचून पाकिटात घालत होती. यागी-सान वरून सांगत होत्या, "राहू दे ग, एक-एक येनची राहू दे. तुमच्या पोटासाठी काहीतरी घ्या त्याचं."

पण खरी अडचण पुढेच होती. शाखाप्रमुख उसामि मोगी-सानांपेक्षा वीस वर्षांनी लहान, मोठ्या कॉलेजातून आलेले. वाईट माणूस नव्हे. त्यांच्या टेबलावर मार्चच्या फायलींचा डोंगर होता. मोगी-सानांनी खटला न भरण्याची शिफारस करून फाइल पाठवली, ती तशीच परत आली. मग ते स्वतः गेले, मला सोबत घेऊन.

"मोगी-सान, हा जबाब आहे की सार्वजनिक न्हाणीघरातल्या गप्पा?" उसामि म्हणाले. "'यंत्र म्हणालं.' 'बाळ रडायला लागलं.' यात हेतू कुठे आहे? आधीच्या जबाबात हेतू स्वच्छ होता. तिसरी वेळ आहे. दंड सोडून दुसरं काय?"

"आधीचा हेतू त्यांचा नव्हता, साहेब."

"मग कुणाचा?"

"माझा. म्हणजे तोयामाच्या एका ट्रामवाल्याचा. निळ्या पुस्तकातलं वाक्य आहे ते, आणि ते पान मी लिहिलंय." मोगी-सानांचा आवाज अभ्यासवर्गातल्यासारखाच होता, झोप यावी असा. "बाईंच्या पाकिटात नोट नव्हती. त्या रोज नोट मोडतात, कारण नाणी मोजता येत नाहीत. खटला भरलात तर कागदावर त्या कंजूष चोर होतील. पुढच्या वेळी न्यायाधीश हाच कागद वाचेल आणि तुरुंगात पाठवेल. पुढची वेळ येणारच, साहेब. यंत्र तिथेच आहे."

उसामिंनी फाइल जवळ ओढली. पेन उघडलं, परत बंद केलं. "तुम्ही हे असं कुठे लिहिलंय का? पुस्तकातून आलं वगैरे?"

"अजून नाही."

"लिहू नका. फाइलमध्ये तर मुळीच नको. तुम्हाला कळतंय ना, किती फायली उघडाव्या लागतील? तुमच्या निवृत्तीला राहिलेत किती दिवस?"

"थोडेच."

"मग?"

"मग मला घाई आहे."

उसामिंना हसू आवरलं नाही. पण ते दमून हसले. शेवटी दोघांत एक तडजोड झाली. फाइलमध्ये एवढंच लिहायचं की नव्या चौकशीत वेगळी परिस्थिती समोर आली, बाईंना विस्मरणाचा त्रास दिसतो, म्हणून खटला न भरता त्यांना नगरपालिकेच्या वृद्धसेवेकडे जोडून द्यावं. पुस्तकाचं मोगी-सानांनी संस्थेला स्वतंत्र कळवावं, स्वतःच्या नावाने, कचेरीच्या नाही. उसामिंनी शिक्का मारला. बाहेर आल्यावर मोगी-सान जिन्यात थांबले आणि कठड्याला धरून म्हणाले, "झालं हे एक. मासेवाला राहिला. ती शिक्षिका राहिली." मी म्हटलं, चहा करते.

संस्थेला त्यांनी कळवलं. उत्तर आलं, फार नम्र: आपलं पान काढून टाकू, त्या जागी आपणच नवा नमुना द्यावा, यागी-सानांसारखा प्रसंग फार बोलका आहे. किदोही म्हणाली, "द्या ना, मोगी-सान. किती खरं आहे ते."

"दिलं तर काय होईल ठाऊक आहे?" ते म्हणाले. "पुढच्या वर्षी सबंध देशातली म्हातारी माणसं यंत्राला घाबरून चोऱ्या करतील. ज्या दुकानात यंत्र नाही तिथेसुद्धा."

त्यांनी एक कोरं पान पाठवलं. वर शीर्षक, खाली रेघा, आणि कडेला सूचना: इथे माणूस बोलेपर्यंत थांबावं. संस्थेने कळवलं, कोरं पान म्हणजे छपाईची चूक वाटेल. तोवर मार्च संपला. निरोपाच्या जेवणात मोगी-सान दोन घोट प्यायले आणि भाषणाला उभे राहिले. सगळे वाट बघत होते. "वरील मजकूर बरोबर आहे," म्हणाले आणि बसले. पोरांनी टाळ्या पिटल्या. दुसऱ्या दिवशी ते तोयामाला गेले. पट्टीचा वास खोलीत आठवडाभर राहिला.

जूनमध्ये पानं बदलणारी बाई आली. मी वाचनालयाच्या खोलीत मुद्दाम काहीतरी शोधत राहिले. तिने खिळे सैल केले, ते पान काढलं, नवं घातलं आणि जुनं रद्दीच्या पिशवीत टाकलं. ती गेल्यावर मी नवं पान वाचलं, आणि संध्याकाळी तोयामाला फोन केला.

"काय घातलंय?" मोगी-सानांनी विचारलं.

"नागासाकीकडच्या कुणा आजोबांचं आहे. बायको गेल्यापासून दोन माणसांचं घेऊन एकाचेच पैसे देतात, असं काहीतरी."

"चांगलं आहे?"

"फार चांगलं आहे. अगदी खरं वाटतं."

"वाटणारच," ते म्हणाले. मागे सुमिए-सान भांडी घासत होत्या. "यागी-सान?"

"मंगळवारी नगरपालिकेची एक बाई त्यांना बाजारात घेऊन जाते. नाणी ती मोजते. दोनदा चुकामूक झाली. तिसऱ्यांदा यागी-सान एकट्याच गेल्या, तेव्हा दुकानातून फोन आला होता, पण पोलिसांना नव्हे, त्या बाईला."

"बरं. आणि किदो?"

"किदोचं काही खरं नाही. एकेका जबाबाला दुपार घालवते. प्रश्न विचारते आणि बसून राहते. परवा एका दुकानचोराच्या जबाबात हेतूच्या जागी लिहिलं, 'का घेतलं ते मला सांगता येत नाही.' एवढंच. शाखाप्रमुखांनी परत पाठवलं. हिने पुन्हा तेच पाठवलं. फायली तुंबल्यात तिच्या टेबलावर, उसामि-सान ओरडतायत."

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला. मग ते म्हणाले, "साए कशी आहे?"

दमलीय जरा, असं मी म्हणणार होते. साए समोरच बसली होती, चटईवर, गुडघे पोटाशी घेऊन. मी फोन तिच्याकडे धरला. तिने तो बराच वेळ घेतला नाही. मोगी-सानही पलीकडे बोलले नाहीत, फोनही ठेवला नाही. माझा हात दुखायला लागला.